सीतेची आसवं बघायला जाताय? या चुका टाळा

सीतेची आसवं म्हणजे पावसाळ्यात कातळावर फुलणारं इवलं जांभळं फूल. 2012 साली साताऱ्याजवळचं कास पठार जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून ऑगस्ट-सप्टेंबर आला की गर्दी ठरलेली आणि गर्दीबरोबर तेच ते घोळ.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे रोप उपटून घरी नेणं. "लाखो आहेत हो, चार नेली तर काय बिघडतंय?" बिघडतं, कारण मीच नेली होती. नवीन नवीन नाद लागलेला, एका सड्यावरून (सडा म्हणजे कातळाचं पठार) चिखलासकट गड्डा डब्यात घातला, घरी कुंडीत लावला आणि वर प्रेमाने मूठभर शेणखत. चौथ्या दिवशी सगळं काळं पडून आडवं. मग वाचायला बसलो (आधी वाचायचं असतं, हे कोण सांगणार) तर कळलं की हिला खरी मुळंच नसतात. कातळावरच्या बोटभर मातीत नायट्रोजन-फॉस्फरसची बोंब, म्हणून ही बया किडे खाते. चिखलात हिचे मोहरीपेक्षाही बारीक फुगे असतात, आतलं पाणी बाहेर टाकून ती फुगा चेपून ठेवते, दाराच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत, तेही एका मिलिसेकंदाच्या आत! अशा झाडाला शेणखत म्हणजे अर्धपोटी राहायची सवय असलेल्याला आग्रह करकरून जिलब्या वाढण्यासारखं. आता मी सड्यावर हात खिशातच ठेवतो, सोबत फक्त भिंग.

दुसरं, फोटोसाठी फुलांत लोळणं. मधली मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते, फुगे तिथेच असतात. उघड्या कातळावर बसा आणि झूम करा, गुडघे दुखले तर दुखू देत.

जांभळं दिसलं की सीतेची आसवं, असंही नाही. पाकळीवर पांढरा ठिपका आणि मागे बारीक सोंड आहे का बघा. गुलाबी गालिचा तेरड्याचा, पांढरे गोंडे गेंदाचे.

"हे कशावर औषध?" दरवेळी कोणीतरी विचारतंच. प्रत्येक फुलाचा काढा व्हायलाच हवा का?

आणि नोव्हेंबरात जाऊन "काहीच नव्हतं" असं सांगू नका. सडा वाळला की ही बी टाकून मरते, पुढच्या पावसापर्यंत खरंच काही नसतं तिथे.