३८१६५४७२९० ही संख्या कागदावर कशी शोधावी

तीन अब्ज एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद, म्हणजेच ३८१६५४७२९०, या संख्येत ० ते ९ हे दहाही अंक एकेकदाच येतात. शिवाय डावीकडच्या पहिल्या दोन अंकांनी होणाऱ्या ३८ ला २ ने, पहिल्या तिनांच्या ३८१ ला ३ ने, चारांच्या ३८१६ ला ४ ने, आणि याच क्रमाने शेवटी संपूर्ण संख्येला १० ने निःशेष भाग जातो. दहा अंकांच्या ३६,२८,८०० मांडण्यांमध्ये ही अट पाळणारी मांडणी एवढी एकच आहे आणि ती शोधायला शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या पुरतात.

प्रथम दहा रिकामी घरे आखून त्यांना डावीकडून क्रमांक द्यावेत. दहाव्या घरात ० येणार हे उघड आहे, आणि तो संपल्यामुळे पाचव्या घरात ५ च बसतो. सम क्रमांकाच्या घरांत सम अंकच हवेत. म्हणून १, ३, ७, ९ हे पहिल्या, तिसऱ्या, सातव्या व नवव्या घरांत जातात.

नंतर ४ ची कसोटी लावावी. तिसरा अंक विषम असताना तिसऱ्या-चौथ्या अंकांच्या जोडीला ४ ने भाग जायचा, तर चौथा अंक २ किंवा ६ असावा लागतो. ८ साठी शेवटचे तीन अंक पाहायचे असतात. परंतु सहावा अंक सम असल्याने त्याच्या शतकांना ८ ने भाग जातोच, आणि सातव्या-आठव्या घरांसाठी १६, ३२, ७२, ९६ एवढ्याच जोड्या उरतात. म्हणजे २ आणि ६ चौथ्या व आठव्या घरांत, तर ४ आणि ८ दुसऱ्या व सहाव्या घरांत.

खरी छाटणी ३ ची कसोटी करते. पहिल्या तीन अंकांच्या आणि पहिल्या सहा अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो, त्या अर्थी चौथ्या ते सहाव्या अंकांच्या बेरजेलाही जायला हवा. तेव्हा तेथे २५८ किंवा ६५४ एवढेच शक्य आहे. २५८ घेतल्यास दुसरा अंक ४ व आठवा ६ ठरतो, आणि पहिल्या तिनांची बेरीज तपासता १४७२५८९६३ व ७४१२५८९६३ या दोनच मांडण्या टिकतात. ६५४ घेतल्यास दुसरा ८ व आठवा २ ठरून आठ मांडण्या मिळतात. ९ ची चिंता नको, कारण सर्व अंकांची बेरीज ४५ आहे.

उरलेल्या दहा मांडण्यांच्या पहिल्या सात अंकांना सरळ ७ ने भागावे; येथे सोपी युक्ती शोधण्यात वेळ दवडण्यापेक्षा भागाकारच लवकर होतो. देखणी ९८७६५४३२१० येथवर पोहोचते, पण ९८७६५४३ ला भागल्यावर ५ बाकी उरून बाद होते. निःशेष भाग जातो तो केवळ ३८१६५४७ ला, भागाकार ५४५२२१.

अंक पुन्हा वापरण्याची मुभा घेतली, तर अशी साखळी बरीच लांबवता येते. मात्र ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ या पंचवीस अंकी संख्येपाशी ती थांबते, कारण तिच्यापुढे कोणताही अंक लिहिला तरी २६ ने भाग जात नाही.