जुना कॉम्प्युटर भंगारात देताय? या चुका टाळा

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात माळ्यावरचा माल उतरायला लागतो. धुळीने माखलेला सीपीयू, कळा गळालेला लॅपटॉप, पिशवीभर चार्जर. सोबत ठरलेलं वाक्य असतं, "बघा दादा, काही होतंय का, नाहीतर भंगारवाल्याला देतो."

यातली बरीच यंत्रं मेलेली नसतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत सपोर्ट संपला आणि चालते लॅपटॉपही लोकांना टाकाऊ वाटू लागले. विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम टाकून बघा. ब्राउझर, पत्रलेखन, मुलांचा अभ्यास एवढं त्यावर आरामात होतं. मशीन रखडतंय? जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा, जमल्यास रॅम वाढवा. तापून बंद पडतंय? आधी पंख्यातली धूळ काढा आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला लावलेली, आता वाळलेली थर्मल पेस्ट बदला. लॅपटॉप आयुष्यभरात पर्यावरणावर जो बोजा टाकतो, त्यातला मोठा भाग तो तयार होतानाच पडून गेलेला असतो. म्हणून तो तीन वर्षं जास्त वापरला तरी खूप झालं.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट बसेना, म्हणजे आत बॅटरी फुगली. ती दाबू नका, टोचू नका, आणि "एकदा शेवटचं चार्ज करून बघतो" हे तर अजिबात नको. मशीन बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकणं ही आपल्याकडची हमखास चूक. घंटागाडीचं कौतुक नाशिककरांना आहे, मलाही आहे, पण कचरा दाबला जाताना लिथियमची बॅटरी चेंगरली तर पेट घेते. शिवाय गाडीवरच्या माणसाला आत काय आहे याचा पत्ताही नसतो. सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ती ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या.

मग डेटा. जुन्या बाजारातून आणलेल्या एका डिस्कमध्ये मला कुणाचे तरी आयकराचे कागद आणि लग्नाचे फोटो सापडले होते. मालकाने सगळं "डिलीट" केलं होतं. पण डिलीट म्हणजे हजेरीपटातून नाव खोडणं, पोरगं वर्गातच बसलेलं असतं! विंडोजमध्ये "रिसेट" करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा. वेळ लागतो, लागू द्या. किंवा डिस्क काढून घरीच ठेवा. यूएसबीला जोडायच्या साध्या केसिंगमध्ये घातली की बॅकअपला कामाला येते.

भंगारवाल्याला दोष द्यायचा माझा विचार नाही. तो वजनावर घेतो, त्याच्याकडे दुसरं साधन नाही. पण पुढे कुठेतरी तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, प्लास्टिकच्या आवरणातून डायॉक्सिनसारखी विषं हवेत जातात. सर्किट बोर्डावरचं सोनं काढायला आम्ल वापरलं जातं आणि उरलेलं आम्ल नाल्यात ओतलं जातं. जुन्या डबा मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, तो फोडायचा नाही.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी वस्तू बनवणाऱ्या कंपनीवरच पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. म्हणून आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा. नाहीतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला पुनर्वापर करणारा शोधा, नोंदणी क्रमांक मागा, पावती घ्या. एका चार्जरसाठी कुणी गाडी पाठवत नाही, हेही खरंच. सोसायटीने एक खोकं ठेवलं, भरलं की फोन केला, तर जमतं.

मोबाइल दुसऱ्याला देताना तो फक्त रिसेट करून देऊ नका. आधी गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा. नाहीतर पुढचा माणूस फोन सुरू करतो, तर फोन तुमचा पासवर्ड मागतो. असे चांगले चालणारे फोन माझ्या खणात पडून आहेत. कुणाचे आहेत तेच कळत नाही, मग पासवर्ड विचारायचा कुणाला?