माळ्यावरचा टीव्ही गेम पुन्हा चालू करताना

हाताला लागेल तो अडॅप्टर लावू नका. आधी एवढं वाचा, मग बाकीचं. टीव्ही गेम माळ्यावरून खाली आला की पहिला मोह तोच होतो, 'चालतोय का बघू तरी'. मीही तेच केलं. घरात राऊटरचा एक अडॅप्टर मोकळा पडला होता. त्याची पिन गेमच्या मागच्या भोकात माप घेऊन शिवल्यासारखी बसली, आणि दहा सेकंदांत करपलेल्या सुकटीसारखा वास आला.

शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडायचा ठरला, तेव्हा मी आणि दादा माळा उपसायला गेलो होतो. बंब, मोडका पाळणा, जुन्या कॅलेंडरांची भेंडोळी, आणि साडीच्या खोक्यात आमचा लाल-पांढरा गेम. रिमोटच्या वायरी केसांच्या रबरानं बांधल्या होत्या. ते रबर वितळून वायरीला असं चिकटलं होतं की नखानं खरवडून काढावं लागलं. कॅसेट तीन निघाल्या. त्यातल्या एकीवर '९९९९९९९ इन वन' असं छापलंय. आत मोजून बारा खेळ आहेत, तेच फिरून फिरून येतात.

तर अडॅप्टर. निंटेंडोनं १९८३ मध्ये जपानात 'फॅमिकॉम' आणला, आणि नव्वदीत आपल्याकडे घरोघरी होते ते बहुतेक त्याच्याच नकला. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधोमध उणे असतं. नकलांनी बहुधा ९ व्होल्ट आणि तेच उलटं उणे ठेवलं. आजच्या राऊटरच्या, सेट टॉप बॉक्सच्या अडॅप्टरांना मधे अधिक असतं. पिन तीच, प्रवाह उलटा. अडॅप्टरवर एक छोटं चित्र असतं: मधे ठिपका, त्याभोवती अर्धवट गोल, दोन बाजूंना अधिक आणि उणे. ठिपक्याला जोडलेली रेघ ज्या चिन्हाकडे जाते ते मधलं. गेमच्या पोटाखालीही असंच चित्र शोधा. नसेल तर मूळ अडॅप्टर मल्टिमीटरवर तपासा. त्यावर ९ लिहिलेलं असताना काटा १२-१३ दाखवेल, घाबरू नका. ते जुने ट्रान्सफॉर्मरवाले ठोकळे, भार नसला की जास्तच दाखवतात. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर बसलेला असतो. तो आलेल्या व्होल्टचे बरोबर पाच करतो आणि वरचे सगळे उष्णता म्हणून टाकून देतो. लहानपणी गेमचा उजवा कोपरा का तापायचा, ते मला असं चाळिशी उलटल्यावर कळलं.

माझ्या नशिबानं तेवढा रेग्युलेटरच गेला, मुख्य चिप वाचली. तो आणायला तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. गाडी नेऊ नका, त्या भागात गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात अख्खा गेम दुरुस्त होतो. मी वनाजला मेट्रोत बसले, सिव्हिल कोर्टला बदलली, मंडईला उतरले आणि चालत गेले. दुकानदारानं सुटा भाग काउंटरवर टाकला आणि विचारलं,

"ताई, काय दुरुस्त करताय?"

"टीव्ही गेम. कॅसेटवाला."

"कॉन्ट्रा?" त्या गोळीबाराच्या खेळाचं नाव, एवढंच म्हणाला आणि मागच्या पोराला हाक मारली, "अरे, ह्यांना डाग देऊन दे रे." म्हणजे सोल्डरिंग करून दे. मी गेम पिशवीत घेऊनच गेले होते, तुम्हीही घेऊन जा.

अडॅप्टरचं उत्तर मात्र भाच्यानं दिलं. तो गिटार वाजवतो. गिटारच्या पेडलला लागणारा अडॅप्टर ९ व्होल्टचाच असतो आणि त्याच्याही मधे उणेच असतं. "आत्या, हा बघ," म्हणून त्यानं आपल्या कपाटातला काढून दिला. ५०० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्तीचा घ्या, आणि तुमच्या गेमवरचं चित्र जुळत असेल तरच लावा.

आता कॅसेट. आपण सगळे कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचो आणि ती चालायची, त्यामुळे फुंकर हा उपाय आहे असं आपल्या पिढीचं ठाम मत. फुंकरीनं काही होत नाही. कॅसेट काढून पुन्हा बसवली की टोकं घासली जातात आणि संपर्क होतो, श्रेय फुंकरीला मिळतं. उलट तोंडातला ओलावा त्या टोकांवर बसून ती काळी पडतात. निंटेंडो स्वतः कॅसेट फुंकू नका म्हणून सांगत असे. साधं खोडरबर, पांढरं, शाळेतलं, सोनेरी पट्ट्यांवर हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कान साफ करायचा बोळा. तो काळा निघतो. दुसरा घ्या. पाचवा पांढरा निघाला की थांबा. फॅमिकॉम जातीच्या कॅसेटला ६० पट्ट्या असतात, पुढे ३० आणि मागे ३०. मागची बाजू विसरू नका, मी विसरले होते आणि अर्धा तास पडद्यावर नुसते रंगीत चौकोन बघत बसले. गेमच्या खाचेत मात्र बोळा कोंबू नका, त्याचे धागे आत अडकतात. स्वच्छ केलेली कॅसेट अल्कोहोलनं किंचित ओलसर करून चार-पाच वेळा आत-बाहेर करा. हे सगळं गेम बंद असताना, हे सांगायला नकोच.

टीव्हीला जोडणं. जुन्या गेममधून दोन तऱ्हांनी चित्र बाहेर येतं. एक अँटेनाच्या वायरीतून, तेव्हा टीव्हीत चॅनल शोधत बसावं लागायचं. दुसरी पिवळी-पांढरी वायर. पिवळी असेल तर तीच वापरा. नव्या टीव्हीला पिवळं भोक दिसत नाही म्हणून निराश होऊ नका. पुष्कळदा हिरव्या भोकालाच 'व्हिडिओ' असंही लिहिलेलं असतं, पिवळी पिन तिथे चालते. किंवा हेडफोनसारखं एक बारीक भोक असतं आणि टीव्हीच्या खोक्यात त्याची जोडवायर आलेली असते, जी आपण सगळ्यांनी कुठेतरी 'जपून' ठेवलेली आहे.

चित्र आलं. कॉन्ट्रा लावला. आणि पहिल्याच पुलावर तीनदा मेले.

हा मुद्दा नीट वाचा, कारण बहुतेक जण इथेच गेम परत माळ्यावर टाकतात. मला वाटलं, झालं, वय झालं, बोटं गेली. उडीचं बटण दाबतेय आणि गडी गोळी खाऊन मग उडी मारतोय. दोन दिवस मी हे स्वतःवर घेतलं. मग लक्षात आलं की उशीर माझा नाही, टीव्हीचा आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत गेमनं पाठवलेली रेघ त्या क्षणी पडद्यावर उमटायची. आताचा टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, ताणतो, गुळगुळीत करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. मालिका बघताना ह्यानं काही बिघडत नाही. कॉन्ट्रात तेवढ्यात माणूस मरतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राच्या प्रकारात 'गेम मोड' शोधा आणि तो लावा. हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद करा. चित्र ४:३ करा, नाहीतर सगळे गडी बुटके आणि रुंद दिसतात. मधे स्वस्तातला एव्ही-एचडीएमआय डबा (पिवळ्या वायरीचं चित्र नव्या टीव्हीच्या एचडीएमआय भोकात नेणारा) लावला असेल तर तो स्वतःचाही उशीर मिसळतो. शिवाय काही डबे लुकलुकणाऱ्या वस्तू चक्क गाळून टाकतात. ह्या यंत्राला एका आडव्या रेघेत आठच हलत्या वस्तू दाखवता येतात. जास्त झाल्या की खेळ त्या आळीपाळीनं दाखवतो, म्हणून गर्दीत गोळ्या लुकलुकायच्या. त्या डब्यातून काही गोळ्या दिसतच नाहीत, पण लागतात.

इतकं करूनही समाधान होत नसेल तर ट्यूबचा टीव्ही शोधा. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, नाहीतर ओळखीच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा. फक्त त्याचं मागचं झाकण उघडायचं नाही, प्लग काढलेला असला तरी. आत खूप वेळ विजेचा उच्च दाब टिकून राहतो. तुमच्याकडे ती बदकं मारायची बंदूक असेल तर ट्यूबच्या टीव्हीला पर्यायच नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत बसवलेला डोळा तो उजेड बघतो. सपाट टीव्हीवर तो उजेड वेळेत येतच नाही. त्यामुळे बंदूक बिघडली म्हणून उघडून बसू नका, आमच्या दादानं उघडली आणि तिची स्प्रिंग अजून सापडायची आहे.

ज्यांचा गेम वाड्याबरोबरच गेला त्यांनी काय करायचं? कॉन्ट्रा आजही रीतसर विकत मिळतो. कोनामीनं २०१९ मध्ये जुन्या कॉन्ट्रांचा एकत्र संच काढलाय, तो संगणकावरही चालतो. पण लावल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. संगीत घाईत असल्यासारखं, गडी चहा जास्त झाल्यासारखे. त्याचं कारण सरळ आहे. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपल्याकडे पाल पद्धतीत ५०. आपल्या नकला ५०वर चालायच्या, म्हणून आपला कॉन्ट्रा मुळातच थोडा सावकाश होता. स्वतःची कॅसेट इम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर जुन्या गेमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवणार असाल तर मेसेनसारख्या इम्युलेटरमध्ये प्रदेश निवडताना 'डेंडी' निवडा. रशियात ह्याच जातीचे गेम त्या नावानं विकले जात, आणि वेग आपल्यासारखाच. मी ते बदललं आणि पहिल्या स्टेजच्या संगीतानं मला थेट उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार आठवली.

आता खेळायचं कसं. भिडू तोच बोलवा. हे माझं हट्टी मत आहे. एकट्यानं कॉन्ट्रा खेळणं म्हणजे एकट्यानं पत्ते पिसत बसणं. दादा चिंचवडहून आला, आल्याआल्या पहिला रिमोट उचलला. तीस वर्षं झाली तरी दुसरा माझाच.

तीस लाइफचा कोड लावा, लाजू नका. नाव दिसतं त्या पहिल्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. दोघं असाल तर सिलेक्ट, मग स्टार्ट. दादाच्या वहीच्या शेवटच्या पानावर हे 'भूमितीचे सूत्र' ह्या मथळ्याखाली लिहिलेलं असायचं. ह्यात रडीचा डाव काही नाही. ज्यानं हा कोड प्रथम घातला त्या काझुहिसा हाशिमोतोनं १९८६च्या 'ग्रेडियस'साठी घातला होता, कारण तपासताना त्याला स्वतःलाच तो खेळ फार अवघड जात होता. काही भेसळीच्या कॅसेटमध्ये लाइफ आधीच तीस असतात, तिथे कोडाची गरजच नाही.

'एस' अक्षराची, गोळ्या पसरून सोडणारी बंदूक कोण घेणार, हे आधी ठरवून घ्या. मेलं की ती जाते आणि परत साधी बंदूक हातात येते, म्हणून जो कमी मरतो त्यानं घ्यावी. हे न्यायाचं आहे, आमच्याकडे कधी पाळलं गेलं नाही. तिसऱ्या स्टेजला धबधबा येतो. तिथे पडदा पुढच्या माणसाबरोबर वर सरकतो आणि जो खाली राहिला तो मरतो, गोळी न लागता. दादा लहानपणी सरसर वर जायचा आणि मी खाली मरायचे, आणि मग आईकडे तक्रार. तेव्हा नियम करा: पायरीला दोघं आले की मगच पुढची उडी. यंदाही दादानं दोन उड्या मारल्या, मी ओरडले, तो थांबला. थांबला! मी रिमोट खाली ठेवून त्याच्याकडे बघतच राहिले, आणि त्या नादात गोळी खाऊन मेले.

बर्फाच्या पुढे आम्ही कधी गेलो नव्हतो. बर्फ म्हणजे पाचवी स्टेज, एकूण आठ. ह्याचा दोष आम्ही आईला देत आलो, कारण तिचा नियम अर्ध्या तासाचा. पिक्चर ट्यूब खराब होते आणि अडॅप्टर तापतो, ही दोन कारणं. अडॅप्टरला हात लावून बघायची आणि "तापला, बंद करा" म्हणायची, की डाव मोडला. ह्या वेळी आम्ही शेवटपर्यंत गेलो. ते धडधडणारं हृदय फोडलं आणि मी सवयीनं घड्याळ बघितलं. खेळ सुरू करून पस्तीस मिनिटं झाली होती, आणि त्यातली पाच तर दादाच्या फोनची. म्हणजे नीट खेळलो असतो तर आईच्या अर्ध्या तासात कॉन्ट्रा बसत होता.

खेळून झालं की कॅसेट आत ठेवू नका, काढा. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून झिपच्या पिशवीत, चपलांच्या खोक्यातून निघतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. वायरी रबरानं बांधू नका, सुतळी घ्या. आणि अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवा.

आई तेवढ्यात बाहेर आली होती. भाच्याचा तो पेडलवाला अडॅप्टर नव्या जातीचा आहे, तो तापतच नाही. तिनं वाकून त्याला हात लावला, मग पालथा तळवा लावून परत बघितलं.

"हा चालू आहे ना नक्की?" म्हणाली.