भोपळ्याची एल बिअर कशी चाखावी

भोपळ्याची एल फ्रिजमधून काढल्याबरोबर ओतू नये. फार थंडपणामुळे मसाल्यांचा गंध दबतो, म्हणून ती साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसवर येईपर्यंत थांबावे. तोंडाशी निमुळता होणारा, साबणाचा वास नसलेला ग्लास घेऊन तो निम्माच भरावा. आधी हलकेच वास घ्यावा आणि दालचिनी, जायफळ, लवंग, आले यांपैकी काय प्रथम जाणवते ते लगेच टिपावे, कारण नाक लवकर सरावते.

भोपळ्याची स्वतःची चव मुळातच सौम्य असते. त्यामुळे तिचा शोध मसाल्यांत न घेता, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) कॅरॅमलसारख्या गोडीमागे जाणवणाऱ्या किंचित मातकट, दाटसर स्पर्शात घ्यावा. (काही बाटल्यांत भोपळा नसतोच, नुसते मसाले असतात, लेबल वाचलेले बरे.) घोट तोंडभर फिरवून गिळावा, कारण हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणा गिळल्यानंतरच नीट उमटतो. लवंगेने जीभ बधिर होत असेल, तर मसाल्याचा हात सैल सुटला आहे असे खुशाल समजावे.

उरलेली एल ग्लासात आणखी थोडी उबदार झाल्यावर पुन्हा चाखावी: चांगल्या एलमध्ये आता मसाल्याबरोबर माल्टही पुढे येतो, फसलेलीत मात्र केवळ चिकट गोडी उरते.