गोव्यातल्या शहरांची आणि गावांची लोकसंख्या लिहिताना या चुका टाळा

पणजीची लोकसंख्या किती, असे विचारले तर नेटवर तीन उत्तरे मिळतात. कुठे 40 हजार, कुठे 1 लाख 14 हजारांच्या आसपास, तर कुठे 1 लाख 77 हजार. गंमत म्हणजे तिन्ही 2011 च्या जनगणनेतलीच आहेत. पहिला आकडा महानगरपालिकेच्या हद्दीचा, नेमका 40,017. दुसरा पणजी नागरी समूहाचा, म्हणजे पालिका अधिक ताळगावसारखी तिला येऊन चिकटलेली गावे. तिसरा आहे 1,77,219, पण तो अख्ख्या तिसवाडी तालुक्याचा आणि कुणीतरी बिनदिक्कत पणजीच्या नावावर खपवलेला.

शाळेचा प्रकल्प असो, पंचायतीचा प्रस्ताव असो की जत्रेची स्मरणिका, पहिला घोळ इथेच होतो. आकडा उचलला जातो, त्याची हद्द मात्र मागेच राहते. मुरगावचे तर विचारू नका. बोलताना सगळे वास्को म्हणतात, जनगणनेच्या तक्त्यात पालिका मुरगाव नावाने आहे आणि तालुक्याचे नावही मुरगावच. पालिका 94,393, तालुका 1,54,561. दोन्हींत साठ हजारांचा फरक आहे आणि तो फरक म्हणजे सांकवाळ, चिखली, झुआरीनगर वगैरे. फोंड्याचेही तेच: पालिका 22,664, तालुका 1,65,830. बाजारात उभे राहून पाहिले तर फोंडा साडेबावीस हजारांचे शहर आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, कारण कुर्टीपासूनची सगळी वस्ती डोळ्यांना फोंडाच वाटते. पण ती पंचायतीत आहे आणि पालिकेच्या आकड्यात नाही.

म्हणून ‘गोव्यातले सर्वांत मोठे शहर कोणते’ हा प्रश्नमंजूषेतला लाडका प्रश्न अर्धवट आहे. पालिका हद्द धरली तर मुरगाव पहिले आणि 87,650 वस्तीचे मडगाव दुसरे. नागरी समूह धरला तर पणजी पहिली, मग मडगाव, मग मुरगाव, आणि तिन्ही लाखाच्या वर. खालच्या पायऱ्यांवर आणखी मजा आहे. कुडचडे-काकोडा पालिकेची लोकसंख्या 22,730, म्हणजे कागदावर ती फोंडा पालिकेपेक्षा 66 माणसांनी मोठी. हे वाचून फोंडेकर हसतील, आणि हसावेच.

शहरी गोवा नेमका कुठे राहतो?

ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत जास्त गैरसमज पसरवते, म्हणून इथे थोडे थांबू. 2011 मध्ये गोव्याची लोकसंख्या 14,58,545 होती. त्यातले 9,06,814 लोक शहरी, म्हणजे 62.17 टक्के. देशातल्या कुठल्याही राज्यात हे प्रमाण इतके नव्हते. यावरून कुणी लिहितो की गोव्यातले बासष्ट टक्के लोक पालिकांच्या शहरांत राहतात. आता तेरा नगरपालिका आणि एक महानगरपालिका यांची बेरीज करून पाहा. ती चार लाखांच्या थोडी पुढे जाऊन थांबते. उरलेले पाच लाख ‘शहरी’ लोक गेले कुठे?

ते पंचायतींत आहेत. जनगणना शहर ठरवताना पालिका आहे की नाही एवढेच पाहत नाही. वस्ती किमान 5,000, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, या तिन्ही अटी गावाने पुऱ्या केल्या की ते ‘जनगणना शहर’ होते. कारभार मात्र सरपंचाकडेच राहतो. कळंगुट, कांदोळी, ताळगाव, कुर्टी, बाणावली ही सगळी या वर्गातली. 2011 ला गोव्यात शहरे होती 70. त्यात पालिकेची 14, जनगणना शहरे 56.

म्हणून ‘शहरांची यादी’ मागितली की आधी कोणती यादी ते विचारा. 14 ची आणि 70 ची, दोन्ही बरोबर आहेत. अर्धी इकडची अर्धी तिकडची केली की मात्र डिचोली (16,986) आणि वाळपई (8,532) यांच्या मध्ये एखादी पंचायत घुसते, आणि मग वाळपईच्या माणसाला आपली पालिका कळंगुटच्या खाली का, हे कुणी समजावून देत नाही.

याच घोळातून दुसरा निघतो. 2001 मध्ये ग्रामीण गोव्यात 6,77,091 लोक होते, 2011 मध्ये 5,51,731. दहा वर्षांत सव्वा लाखाची घट! ‘गावे ओस पडली’ असे मथळे यावरच उभे राहतात. सांगे-सत्तरीच्या काही वाड्यांवर तरुण मंडळी कमी झाली हे खरे आहे, पण सव्वा लाखाचा हिशेब त्याने लागत नाही. 2001 ला जनगणना शहरे 30 होती, 2011 ला 56 झाली. जी सव्वीस वाढली त्यांतली माणसे आपापल्या घरीच होती. रकाना बदलला, बिऱ्हाड नाही.

जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवण्याआधी

2011 च्या पुस्तिकेत उत्तर गोवा 8,18,008 आणि दक्षिण गोवा 6,40,537. हेच आकडे अजून सर्रास छापले जातात. पण त्या उत्तर गोव्यात फोंडा तालुका होता, आणि जानेवारी 2015 मध्ये तो दक्षिणेत गेला. 2011 चीच माणसे 2015 च्या हद्दींत बसवली तर उत्तर 6,52,178 होते आणि दक्षिण 8,06,367. मोठा-धाकटा अशी जागाच बदलली. पुढच्या जनगणनेचे आकडे आले की जुन्या पुस्तिकेतला उत्तर गोवा शेजारी ठेवून ‘उत्तरेतून दीड लाख लोक घटले’ अशी बातमी कुणीतरी देईलच.

जिल्ह्याऐवजी तालुका धरला तर हा ताप बराच कमी होतो. 2011 चे अकरा तालुके असे: पेडणे 75,747, बार्देश 2,37,440, तिसवाडी 1,77,219, डिचोली 97,955, सत्तरी 63,817, फोंडा 1,65,830, मुरगाव 1,54,561, सासष्टी 2,94,464, केपे 81,193, सांगे 65,147, काणकोण 45,172. बेरीज बरोबर 14,58,545 येते, करून पाहा. तुमची 822 ने कमी भरत असेल तर तुम्ही मार्च 2011 मध्ये जाहीर झालेला तात्पुरता आकडा, 14,57,723, घेतला आहे. तोही अजून फिरत असतो. धारबांदोडा या यादीत दिसत नाही, कारण मोजणीच्या वेळी तो वेगळा तालुका म्हणून मोजलाच नव्हता, त्याची माणसे सांग्यात धरलेली आहेत. सांग्याचे 65,147 आजच्या सांग्याला लावले तर धारबांदोड्याची माणसे दोनदा मोजली जातात.

जुन्या तक्त्यांत तर याहून मोठा खड्डा आहे. 30 मे 1987 पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. 1981 ला तिघांची मिळून लोकसंख्या 10,86,730 आणि एकट्या गोव्याची 10,07,749. पहिला आकडा धरून 1991 च्या 11,69,793 शी तुलना केली की वाढ 7.6 टक्के दिसते. खरी वाढ 16 टक्क्यांच्या वर होती. म्हणजे नुसत्या चुकीच्या ओळीमुळे वाढ निम्म्यावर आली. आणखी मागे 1961 च्या रकान्यात 5,89,997 दिसेल. ती पोर्तुगीज राजवटीतली डिसेंबर 1960 ची मोजणी आहे. उरलेल्या भारतात 1961 च्या सुरुवातीला माणसे मोजली गेली तेव्हा गोवा मुक्त व्हायचा होता.

टक्के लावून आजचा आकडा काढू नका

2021 ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली आणि नवीन मोजणीचा संदर्भ दिवस आता 1 मार्च 2027 आहे. मधल्या काळात सगळ्यांना ‘आजची लोकसंख्या’ हवी असते. मग काय करतात? 2001 ते 2011 मध्ये गोवा 8.23 टक्क्यांनी वाढला, तेवढेच टक्के आपल्या शहराला लावतात आणि आकडा शेवटच्या एककापर्यंत छापतात.

म्हापशावर हा हिशेब लावून पाहा. 2001 ला तिथे चाळीस हजारांच्या थोडी वर वस्ती होती, 8.23 टक्क्यांनी 43 हजारांच्या पुढे जायला हवी होती. 2011 ला निघाली 39,989. वाढ पालिकेच्या वेशीबाहेर बार्देशात झाली. गोव्याचा सरासरी दर एका शहराला लावणे हा अंदाजसुद्धा म्हणता येत नाही.

त्यात प्रत्येक ठिकाणचे 2011 वेगळ्या अर्थाने शिळे आहे. मोजणी फेब्रुवारी 2011 मध्ये झाली, तेव्हा खाणी धडाक्यात चालू होत्या. कुडचडे, सावर्डे, साखळी, डिचोली या पट्ट्यात ट्रकचालक, क्लीनर, गॅरेजवाले, खानावळी सगळे होते. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद पडल्या. पेडण्याचे उलट. 2011 ला पेडणे पालिका जेमतेम पाच हजारांची. मोपाचा विमानतळ त्यानंतर आला, डिसेंबर 2022 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. खाणपट्टा आणि पेडणे या दोन्हींना एकच टक्का लावणारा माणूस पत्रावळीवर बसून हिशेब करतो आहे असे समजावे. लोकसंख्या अंदाजासाठी केंद्राच्या तज्ज्ञ गटाने काढलेले आकडे आहेत, पण ते राज्याच्या पातळीचे. शहराला ते वाटून देता येत नाहीत. ‘2011 नुसार’ हे दोन शब्द लिहा आणि पुढे जा.

आकडा तुमच्या गावाला पटत नाही?

अशी तक्रार वारंवार येते. ‘आमच्या वाड्यावर एवढी घरे, आणि तक्त्यात एवढीच माणसे?’ घरे मोजून माणसे काढायला गेलात की फसलात. 2011 मध्ये गोव्यातली साधारण पाचातली एक घरवजा वास्तू रिकामी होती. कुणाचे सुट्टीपुरते उघडणारे फ्लॅट, कुणाची कुलूप लावलेली वडिलोपार्जित घरे.

शिवाय जनगणना मोजते ते मोजणीच्या दिवसांत तिथे राहणाऱ्यांना. 2011 ला हे दिवस 9 ते 28 फेब्रुवारी होते. त्या पूर्ण काळात आखातात, इंग्लंडात किंवा बोटीवर असलेला माणूस गावच्या आकड्यात नाही, मग त्याचे नाव मतदारयादीत असो. उलट झुआरीनगरच्या खोलीत राहणारा मजूर मोजला गेला, मग त्याच्याकडे मामलेदाराचा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला नसला तरी. त्यामुळे 14,58,545 म्हणजे तेवढे गोमंतकीय असा अर्थ काढणेही चुकीचे आणि मतदारयादीवरून लोकसंख्या ताडणेही. मतदारसंघांच्या सीमा तर आणखी तिसऱ्याच: पणजी महानगरपालिकेचे काही प्रभाग ताळगाव मतदारसंघात आहेत. पर्यटकांबद्दल एवढेच, की वर्षाला कोटीभर येतात म्हणून ते कळंगुटच्या लोकसंख्येत धरायचे नसतात. कचऱ्याचा आणि पाण्याचा हिशेब करताना मात्र जरूर धरावेत, तिथे पंचायतींचे रडगाणे खरे आहे.

गाव सापडत नसेल तर

गाव आणि पंचायत एकच समजू नका. 2011 ला महसुली गावे 334 होती आणि पंचायती दोनशेहून कमी, तेव्हा एका पंचायतीत दोन-तीन गावे येणारच. त्या 334 पैकी 14 गावांत माणूसच राहत नव्हता, त्यामुळे शून्य दिसले तर छपाईची चूक म्हणून खोडू नका. नाव आणि माणसे वेगळी होतात याचे गोव्यातले ठळक उदाहरण म्हणजे मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी. गाव साळावली धरणाखाली गेले आणि माणसे दुसरीकडे वसवली गेली.

शोधताना पोर्तुगीज वळणाची रोमन स्पेलिंगे आडवी येतात. मराठीतल्या उच्चाराप्रमाणे केपे, साखळी, डिचोली टाइप केले तर तक्ता काहीच देत नाही, तेव्हा तालुका उघडून यादीत नजर फिरवणे बरे. गोवा वेल्हा आणि जुने गोवे यांची अदलाबदल तर छापील पुस्तकांतही आढळते. दोन्ही तिसवाडीतच आहेत, पण पहिले आगशीच्या बाजूला आणि दुसरे मांडवीकाठी, चर्चेसचे.

आणि पाळोळेची लोकसंख्या शोधत असाल तर थांबा. किनारा जगभर प्रसिद्ध असला तरी पाळोळे काणकोण पालिकेच्या हद्दीत येते. तक्त्यात आहे ती काणकोण पालिका, 12,434. पाळोळेकर त्यातच मोजलेले आहेत.