परदेशी नर्सिंग कॉलेजशी भागीदारी: आधी वॉर्डातला एक प्रश्न धरा

परदेशी कॉलेजशी भागीदारी म्हटलं की आधी करार टाईप होतो. आमच्याकडेही झाला होता. फोटो निघाले, फाईल कपाटात गेली आणि वर्षभर कुणी कुणाला फोन केला नाही. म्हणून सांगते, आधी तिकडची एक शिक्षिका शोधा आणि तिच्याशी वॉर्डातल्या एकाच प्रश्नावर बोला. करार मागाहून होतो.

मी सांगलीकडची ट्यूटर. समोर जर्मनीतली एक नर्सिंग शाळा. आमचा पहिला प्रश्न उपवासाचा होता. आषाढी एकादशी, मधुमेहाच्या मावशी, इन्सुलिनची वेळ. 'जेवलात का?' विचारलं तर म्हणतात, 'नाही बाई, उपवास आहे.' विद्यार्थिनी गोंधळते. आणि मावशींनी तर सकाळीच साबुदाण्याची खिचडी नि दोन केळी खाल्लेली. शेजारच्या खाटेवरच्या आजींचा मात्र खरंच निर्जळी. म्हणून आम्ही प्रश्नच बदलला: 'आज उपवासाला काय काय खाल्लंत, किती वाजता?' हे तिकडे पाठवलं, तर त्यांनी रमझान काढला, कारण त्यांच्याकडे तुर्की कुटुंबांतले पेशंट पुष्कळ. दोन्हीकडच्या मुलींनी मिळून एक पानाची प्रश्नावली केली.

त्यांच्याकडून आम्हीही शिकलो. आमच्या मुली म्हाताऱ्या पेशंटला प्रेमानं 'आजोबा' म्हणतात. जर्मनीत अनोळखी माणसाला तसं म्हटलं तर अपमान वाटतो. तिथं 'हेर' (म्हणजे 'श्रीयुत') आणि आडनाव. आपल्याकडे अंग पुसणं, भरवणं बरंचसं नातेवाईक करतात, तिकडे ते नर्सचं रोजचं काम आहे. तिकडे नोकरीला जाणाऱ्या मुलीला हे आधीच ठाऊक हवं.

बैठक बुधवारी दुपारी अडीचला ठेवा. हिवाळ्यात त्यांच्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, उन्हाळ्यात अकरा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. आमची एक बैठक याच पायी हुकली, तेव्हा कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

प्रत्यक्ष भेटी त्यानंतर ठेवा. पहिल्या वर्षी जर्मनीहून आलेल्या एका मुलीनं सिझेरियनआधी नियमानुसार मंगळसूत्र काढायला हात पुढे केला. बाईनं ते मुठीत आवळलं आणि रडायलाच लागली. आमच्या स्टाफ सिस्टरनं सासूबाईंना आत घेतलं, दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं, मग मंगळसूत्र त्यांच्याच हाती दिलं. डायथर्मीजवळ (विजेवर चालणारं ऑपरेशनचं उपकरण) धातू नको, हेही पाळलं गेलं. ट्रान्सकल्चरल नर्सिंगची, म्हणजे पेशंटची संस्कृती ध्यानात घेऊन शुश्रूषा करण्याची, मांडणी करणाऱ्या मॅडलिन लेनिंजर यांनी तीन वाटा सांगितल्यात: रीत जपणं, तडजोड काढणं, घातक असेल तर बदलायला हात देणं. मंगळसूत्र दुसऱ्या वाटेतलं. बाळाला चीक न पाजता टाकून देणं तिसऱ्या वाटेतलं, तिथं मात्र मागं हटायचं नाही. प्रत्येक प्रसंग या तीन वाटांत कुठं बसतो, हे मुलींना एकमेकींसमोर बोलू द्या. माझ्या मते सगळ्यात जास्त शिक्षण इथंच होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. परदेशी पैसा संस्थेच्या खात्यात घेण्याआधी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी बघा. पाहुण्या मुलींनी पेशंटला हात लावायचा असेल तर हॉस्पिटलची लेखी परवानगी आणि पेशंटचा होकार, दोन्ही हवेत. ऑनलाइन केस मांडताना नाव, गाव, चेहरा काहीही नको. आणि भरती एजंटांना या कामापासून लांब ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयीची २०१० ची आचारसंहिता समोरच्यांनाही वाचायला द्या.

शेवटची गोष्ट, दोन्हीकडे दोन-दोन माणसं नेमा. आमची जर्मन मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा तिच्या जोडीदारणीनं पुढच्या बुधवारी अडीचला लॅपटॉप उघडला आणि काम तिथूनच पुढं सुरू झालं.