सोलकढी कळकली? तोंडातली धातूची चव कुठून आली ते असं शोधा

गेल्या गणपतीत पाहुणे जेवायला यायचे होते म्हणून मी सोलकढी सकाळीच करून ठेवली, आजीच्या जुन्या पितळी टोपात, आणि दुपारी चव बघितली तर जुनं नाणं चघळल्यासारखं तोंड झालं. आजीने बोटभर जिभेला लावली न् म्हणाली, "कळकली गो ही, ओतून टाक." चार नारळांचा रस गेला, फार वाईट वाटलं. तेव्हापासून अशी चव आली की मी आधी ती कुठून आली ते शोधते.

पहिली गोष्ट म्हणजे नाक धरा. खरंच, चिमटीत नाक घट्ट धरून चमचाभर तोंडात घ्या, मग नाक सोडा (टोपावर संशय असेल तर गिळू नका, थुंका). लोखंडाची चव म्हणतो ती बरीचशी वास असते, घशामागून नाकात जाणारा, त्यामुळे नाक धरलं की ती जवळपास गायब होते आणि सोडलं की परत येते. तांब्याची मात्र थोडी कडवट जिभेवर राहते. आणि नाक धरूनही जीभ कोरडी, खरखरीत लागत असेल तर तो धातू नसून तुरटपणा असू शकतो, काजूच्या बोंडाने किंवा कच्च्या केळ्याने होतं तसा, त्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला धरून बसतं म्हणून तोंडातला ओशटपणा, बुळबुळीतपणाच निघून जातो. बांगड्याच्या तिखल्यातल्या (तिखट कालवणातल्या) तिरफळ या मसाल्याने जीभ झिणझिणते ते पण वेगळं, त्यात भांड्याचा काही दोष नाही.

आता भांडं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि आमसुलं, चिंच, ताक, लिंबू असलं आंबट त्यात राहिलं की तांबं उतरतं, यालाच कळकणं म्हणतात. म्हणून तर आतून कल्हई करतात, कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. आत हात घालून नीट बघा, पांढरट चकाकी जाऊन कुठे पिवळं किंवा लालसर दिसायला लागलं असेल तर तिथली कल्हई गेलेली आहे. माझ्या टोपाच्या तळाला रुपयाएवढा डाग होता, तेवढा पुरला! कथील २३२ अंशाला वितळतं, त्यामुळे रिकामा टोप मोठ्या गॅसवर ठेवू नका आणि तारेच्या घासणीने तर अजिबात घासू नका. कल्हई चांगली असली तरी आंबट रात्रभर ठेवायचं नाही. कळकलेल्यात साखर, गूळ घालून चव झाकू नका प्लीज, जास्त तांबं पोटात गेलं की मळमळ, उलट्या होतात, सरळ फेका. तांब्याच्या बाटलीत पण फक्त साधं पाणी, कोकम सरबत नाही. मी आता आमसुलं काचेच्या वाडग्यात भिजवते आणि कढी स्टीलच्या टोपात करते.

बिडाच्या तव्यावर घावणे मस्त, पण कोकम घातलेलं कालवण लोखंडात शिजवू नका, आंबटात लोखंड उतरतं आणि माशाच्या तेलाला ते लागलं की वशाट वास अजून वाढतो. त्याला मातीचं मडकं बरं. बांगडा, कुपा साफ करताना कल्ले आणि काट्याला चिकटलेलं काळपट रक्त बोटाने काढून धुवा, रक्तातही लोहच असतं.

भांडं बदलूनही चव येतेच, मग पाणी. आपल्याकडे कोकणात जांभा दगड, त्यात लोह भरपूर, त्यामुळे काही विहिरी-बोअरच्या पाण्यात ते उतरतं. काचेच्या ग्लासात पाणी रात्रभर ठेवा, काढताना स्वच्छ आणि सकाळी पिवळसर, तळाला तांबूस गाळ असेल तर लोह आहे, अशा पाण्याचा कोरा चहा पण काळपट होतो. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांवर, भांड्यांवर डाग पडायला लागतात. उपाय म्हणजे पाणी उंचावरून दोन-तीनदा ओतून हवा लागू द्या, रात्रभर निवळू द्या, वरचं गाळून घ्या. पाइप जुना लोखंडी असेल तर सकाळचं पहिलं पाणी झाडांना घाला. लॅबमध्ये एकदा तपासून घेतलं तर उत्तमच.

आणि दुसऱ्याच्या घरचं पाणी, भात, सगळंच तसं लागत असेल तर ते तोंडातलं आहे. हिरड्यांतून रक्त येतंय का बघा, आणि मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरची), मेटफॉर्मिन (मधुमेहावरची), लोहाच्या गोळ्या यांनी पण असं होतं, गरोदरपणात पण होतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, गरज वाटली तर ते गोळी बदलून देतात.